जुन्या शेठांच्या तसबिरी: उतरवणे, टिपणे, ओळखणे (कामाच्या नोंदी)

१० नोव्हेंबर

आधी काम काय ते. गिरगावातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात ३४ चौकटी टांगलेल्या आहेत. सगळे एकोणिसाव्या शतकातले मुंबईकर: शेठ, डॉक्टर, वकील, गोदीवाले, दलाल. बहुतेक जण स्वतः किंवा त्यांचे वाडवडील बाहेरून येऊन इथे वसलेले. कोणी सुरतेहून, कोणी कच्छातून, कोणी मुरबाडहून, कोणी गोव्यातून, एखादा थेट बगदादहून. समितीला प्रत्येक चित्राची चांगली डिजिटल प्रत हवी आहे, चौकटीखाली बरोबर नाव हवे आहे आणि एक छापील यादी हवी आहे. हाती साठ हजार रुपये. चित्रांची डागडुजी करायची नाही, तो खर्च वेगळा आणि ती विद्याही वेगळी.

३४ चौकटींत बाई एकही नाही. माहीमच्या पुलासाठी आवाबाई जीजीभाईंनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले आणि तो पूल १८४५ मध्ये खुला झाला. पती जमशेटजींच्या नावाची तसबीर इथे आहे, त्यांची नाही.

१२ नोव्हेंबर

चौकटी भिंतीवर असतानाच फोटो काढता येतील, हा बेत पहिल्या तासात गुंडाळला. जुन्या तसबिरी वरच्या बाजूने पुढे झुकवून टांगतात, म्हणजे खालून बघणाऱ्याला चेहरा दिसतो. कॅमेरा तितकाच कलता धरला तरी चौकट चौकोनी येत नाही. शिवाय शिडीवर तिपाई उभी राहत नाही.

म्हणून उतरवणे आले. सागवानी चौकट आणि काच मिळून वजन इतके, की दोन माणसे लागतातच. टांगायची तार गंजलेली होती. एक तार हात लावताच तुटली, पण खाली गाद्या पसरलेल्या असल्याने निभावले. तुम्ही हे काम घेतलेत तर गाद्या आधी आणि शिडी नंतर.

पाठीमागे पालीचे सांगाडे, कसर आणि तपकिरी कागदाचे पापुद्रे निघाले. वाचनालयाचे शिपाईमामा फडके घेऊन तयारच होते. त्यांना थांबवले. पुसण्याआधी पाठीचा फोटो काढायचा. खडूने लिहिलेले जुने क्रमांक, कॅनव्हास विकणाऱ्याचा शिक्का, चौकट करणाऱ्याची चिठ्ठी हे सगळे पाठीवरच असते आणि ओल्या फडक्याने एका फटक्यात जाते. तैलरंगाला पुढून तर फडके लावायचेच नाही. मऊ कोरडा ब्रश, तोही रंगाचे पोपडे सुटलेले नसतील तरच.

१५ नोव्हेंबर

चमक. तैलचित्रावरचे वार्निश आणि त्यावरची काच, दोन्हींत समोरची खिडकी दिसते, पंखा दिसतो, मीही दिसते. दोन दिवे दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत लावले. काचेतली चमक गेली, वार्निशची गेली नाही. वार्निशचा पृष्ठभाग सपाट नसतो, रंगाच्या प्रत्येक उंचवट्यावर एक ठिपका उजळतो.

उपाय जुना आणि खात्रीचा आहे. दोन्ही दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म (उजेडाचे एकाच दिशेचे कंप जाऊ देणारी) लावायची आणि लेन्सवर तसाच पोलरायझर लावून तो फिल्मच्या दिशेला आडवा येईल असा फिरवायचा. चमक गायब होते आणि काळ्या अंगरख्यातल्या चुण्याही दिसू लागतात. फिल्मचे दोन मोठे तुकडे आणि फिल्टर मिळून नऊ हजारांच्या आसपास गेले. हा खर्च टाळू नका, बाकीचे टाळा.

याला दोन बाजू आहेत. एक, उजेड खूप कमी होतो आणि एक्स्पोजर सेकंदभरावर जाते. मग लाकडी जमिनीवरून कोणी चालले की चित्र हलते, म्हणून काम वाचनालयाच्या सुटीच्या दिवशीच ठेवले. दोन, जरीचे आणि दागिन्यांचे तेजही चमकेबरोबर जाते, सोने मेणचट दिसते. त्यामुळे प्रत्येक चित्राची दुसरी प्रत एका बाजूने तिरका उजेड टाकून घ्यायची. कुठे रंग थापला आहे, कुठे नंतर कोणी दुरुस्ती केली आहे, ते या दुसऱ्या प्रतीतच कळते.

२२ नोव्हेंबर

वाचनालयाच्या जुन्या नोंदवहीत २१ ‘तैलचित्रे’ आहेत. भिंगाखाली तेवढी निघाली नाहीत. आठ चौकटींत ब्रोमाइड कागदावर मोठे केलेले फोटो आहेत आणि त्यांवर हाताने रंग चढवला आहे. लांबून अगदी तैलचित्र. जवळून बघितले की चेहऱ्यावर रंग पातळ, खाली फोटोचा करडा दिसतो, आणि पार्श्वभूमीचा पडदा मात्र जाड रंगाने झाकलेला. ओळखायची सोपी जागा म्हणजे दाढीमिशा. चित्रकार मिशी झुबक्याने रंगवतो, फोटोत तिचा केस न् केस असतो.

दोन फोटो काचेला आतून चिकटले आहेत. ओल धरली की फोटोवरचा थर काचेला धरून बसतो. ओढला तर चेहरा काचेवर जातो आणि कागद हातात राहतो. ते तसेच काचेतून टिपले आणि संवर्धनवाल्यांसाठी बाजूला ठेवले.

फाइलींना नावे देताना माणसाचे नाव वापरू नका. चौकटीचा क्रमांक, बाजू (पुढची, पाठची, तिरका उजेड) आणि तारीख एवढेच. का, ते पुढच्या नोंदीत.

२९ नोव्हेंबर

क्रमांक ७. पितळी पाटीवर लिहिले आहे: ‘सर जमशेटजी जीजीभाई, पहिले बॅरोनेट, १७८३–१८५९’. (बॅरोनेट म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारा ब्रिटिश किताब.) साठीचा, भरल्या अंगाचा पारशी गृहस्थ. छातीवर फितीला लटकणारे पदक, वर पाच टोकांचा तारा.

त्या ताऱ्यापाशीच सगळे अडले. हा ‘स्टार ऑफ इंडिया’. हा किताब १८६१ मध्ये सुरू झाला आणि पहिले जमशेटजी १८५९ मध्ये वारले. त्यांना १८४२ मध्ये ‘सर’ मिळाले, १८५७ मध्ये बॅरोनेटपद मिळाले, त्याआधी राणीची प्रतिमा असलेले हिरेजडित पदक मिळाले, पण हा तारा मिळणे शक्यच नव्हते.

फितीच्या रंगानेही आधी गोंधळ घातला. स्टार ऑफ इंडियाची फीत फिकी निळी, कडा पांढऱ्या. आमच्या चित्रात ती हिरवट दिसते. पण गळ्याशी असलेला पांढरा सदराही तितकाच पिवळा आहे. म्हणजे वार्निश पिवळे पडले आहे, आणि पिवळ्याखालचा निळा हिरवाच दिसणार. सदरा पांढरा धरून रंग जुळवला, तेव्हा फीत निळी झाली.

मग हे कोण? इथे जीजीभाई घराण्याची एक खास अडचण आहे. १८६० मध्ये झालेल्या कायद्याने असे ठरले, की जो कोणी बॅरोनेट होईल त्याने आपले नाव सोडून जमशेटजी जीजीभाई हेच नाव घ्यायचे. दुसरे बॅरोनेट मूळचे कर्सेटजी (१८११–१८७७), तिसरे मूळचे माणेकजी (१८५१–१८९८). दोघेही कागदोपत्री सर जमशेटजी जीजीभाईच. पाठीवर खडूने नाव होते ते बरोबर होते, पाटी करणाऱ्याने त्यात सगळ्यांत प्रसिद्ध माणूस वाचला.

चौकटीतून कॅनव्हास काढला तेव्हा उत्तर मिळाले. खालच्या डाव्या कोपऱ्यात, चौकटीच्या ओठाखाली झाकलेला आकडा: १८७१. तेव्हा तिसरे वीस वर्षांचे, दुसरे साठीचे. चित्रातला माणूस साठीचा आहे. दुसरे बॅरोनेट, निश्चित.

यादीत आता तीन वर्ग केले: निश्चित, संभाव्य, अनोळखी. ‘परंपरेने समजले जाते’ असला चौथा वर्ग समितीतल्या एका काकांना हवा होता. दिला नाही.

३० नोव्हेंबर

पाट्यांच्या स्क्रूंची भोके तपासली. सात चौकटींवर पाटीची भोके आणि लाकडातली भोके जुळत नाहीत, शेजारी जुनी बुजवलेली भोके आहेत. म्हणजे रंगकामाच्या वेळी पाट्या काढल्या होत्या आणि लावताना अदलाबदल झाली. यापुढे पाटी हा पुरावा धरायचा नाही.

६ डिसेंबर

वाचनालयाचे एक वयस्क पारशी सभासद मुद्दाम बघायला आले. मी क्रमांक ११ च्या नोंदीत ‘पारशी पगडी’ लिहिले होते. त्यांनी चष्मा वर केला. “डीकरी, ए पगडी नथी, फेंटो छे.”

मग शिकवणी. पगडी चकचकीत, गडद, मागे उतरती. फेंटो गोल, उभा, खाली जाड वळलेली कड. जुन्या शेठांच्या डोक्यावर पगडी, आणि शतक उतरत गेले तसा फेंटो जास्त. तेवढ्यावर साल ठरत नाही, पण दोन नावांत निवड करायची असेल तर काटा झुकतो. डगलीचे बंदही त्यांनीच दाखवले: पांढऱ्या डगलीला बटणे नसतात, बंद असतात, आणि चित्रकाराने बटणे काढली असतील तर त्याने तो पोशाख फोटोत नीट पाहिलेला नाही.

त्यांच्या सांगण्यावरून सगळ्या डोक्यांची वेगळी यादी केली. प्रभूंची पगडी, सोनारांची, ब्राह्मणी चक्री, भाटियांची टोकदार, बनियांची, मुसलमान व्यापाऱ्यांचा जरीचा फेटा. तेव्हाच्या मुंबईत माणसाची जात, गाव आणि धंदा डोक्यावरूनच कळायचे. चेहरा ओळखण्यात आम्ही जितका वेळ घालवला त्याच्या निम्म्यात पगड्यांनी पाच नावे दिली. हे काम सुरुवातीलाच करायला हवे होते.

१३ डिसेंबर

समितीतल्या तरुण सभासदाने फोटो ‘सुधारणारे’ सॉफ्टवेअर महिनाभराच्या वर्गणीवर घेतले. हौसेने, वाचनालयाच्या कपाटात सापडलेल्या अल्बममधले एक डझन फोटो त्यातून काढले. निकाल प्रथमदर्शनी देखणे. चेहरे स्वच्छ, डोळ्यांत चमक.

मग मूळ फोटो शेजारी ठेवले. एका शास्त्रीबुवांच्या कपाळावरचे गंध गेले होते, सॉफ्टवेअरला तो डाग वाटला. एका वकिलाच्या कानातली भिकबाळी गेली, ती धूळ समजून पुसली. एका शेठच्या पगडीवरची बारीक नक्षी सपाट झाली. ज्या खुणांवरून माणूस ओळखायचा, नेमक्या त्याच खुणा यंत्राला घाण वाटतात.

वर्गणी गेली, ती परत मिळत नाही. आता नियम असा: मूळ प्रत जशी आहे तशी, ओरखडे आणि बुरशीसकट. छापायच्या प्रतीत फक्त कॉन्ट्रास्ट, आणि भिंगाखाली धूळच आहे अशी खात्री असलेले ठिपके हाताने काढायचे.

भिकबाळीचा आणखी एक उपयोग. ती उजव्या कानाच्या वरच्या पाळीत घालतात. एका शिळाछापात ती डाव्या कानात आहे. दगडावर चित्र सरळ काढले की छापताना ते उलटे पडते, आणि नकलकाराने इथे ते उलटवून घेतलेले नाही. म्हणजे भांगाची बाजू, हातातली काठी, खांद्यावरचे उपरणे, सगळेच उलटे समजायचे.

१४ डिसेंबर

अल्बममधले काळे-पांढरे फोटो रंगवायचे का, हा प्रश्न पुन्हा आला. नाही. त्या काळच्या फोटो काढायच्या काचा निळ्या उजेडाला तेवढ्या जाग्या, तांबड्याला जवळजवळ आंधळ्या. निळे पांढरे येते आणि लाल काळे. अल्बममधली काळी पगडी खरी लाल असू शकते. यंत्र तिला खुशाल काळी रंगवेल आणि पुढच्या पिढीला तोच पुरावा वाटेल.

२७ डिसेंबर

कपाटात सापडलेला अल्बम. कार्ट-द-व्हिजिट, म्हणजे पत्त्याच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो. पॅरिसमध्ये १८५४ मध्ये पेटंट घेतलेली ही टूम पुढल्या दशकात मुंबईत चांगली फोफावली. जमीनही तयार होती: मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ चीच, एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्गही लगेच सुरू झाला, आणि डॉ. भाऊ दाजींचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत.

इथला मुख्य धडा: कार्ड अल्बममधून काढून पाठ स्कॅन करा. स्टुडिओचे नाव, पत्ता, कधी पेन्सिलीने लिहिलेले नाव, सगळे तिथे. हरिश्चंद्र चिंतामण यांच्या स्टुडिओची कार्डे निघाली. बोर्न अँड शेफर्डचीही निघाली, आणि ही भागीदारी १८६० च्या दशकाच्या मध्याची, त्यामुळे तारखेची खालची मर्यादा आपोआप मिळते. पातळ पुठ्ठा आणि काटकोनी कोपरे बहुधा आधीचे. जाड पुठ्ठा, गोल कोपरे, सोनेरी कड नंतरची.

एक सावधगिरी. नामवंतांची कार्डे तेव्हा विकत मिळत, आणि जुन्या चित्राचा फोटो काढून केलेली कार्डेही बाजारात असत. त्यामुळे पाठीवरचा स्टुडिओ कार्ड कधी छापले ते सांगतो, माणूस कधी बसला ते नाही.

पुस्तकातून कापून चिकटवलेल्या छापील चित्रांना स्कॅनरवर जाळीदार पट्टे येतात, कारण ती चित्रे ठिपक्यांची असतात. आधी १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन करून मग आकार लहान केला, पट्टे गेले.

१० जानेवारी

क्रमांक १९. नोंदवहीत ‘अरब शेठ’. लांब पांढरी दाढी, मोठा फेटा, पायघोळ झगा. अरब घोड्यांचे व्यापारी मुंबईत येत असतच, त्यामुळे नोंद अशक्य नाही. पण झग्याची घडण पाहून मला डेव्हिड ससून आठवले. बगदादचे ज्यू, १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आले, १८६४ मध्ये पुण्यात वारले आणि तिथल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, आवारातच त्यांची कबर आहे. इंग्रजी रीत त्यांनी कधी उचलली नाही, सही हिब्रूत करत. कोट-टोपी मुलांच्या पिढीत आली.

काळा घोड्याजवळच्या ससून वाचनालयात थॉमस वूलनरने घडवलेला त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. तिथे जाऊन चेहरा, फेट्याचे वळण आणि झग्याची मांडणी ताडून पाहिली. नाक आणि भुवया जुळतात. पण पुतळ्यावरून चित्र काढलेले असू शकते, चित्रकार दाढी हवी तशी करतो, आणि आमच्या कॅनव्हासच्या पाठीवर काहीच नाही. संभाव्य. ग्रंथपाल सरांना ‘निश्चित’ हवे होते, वर्तमानपत्राला कळवता आले असते.

१७ जानेवारी

नाना शंकरशेटांचे मोठे तैलचित्र. इथे नाव पक्के आहे, भानगड वेगळी. नाना १८६५ मध्ये वारले, चित्रावर सही आणि साल विसाव्या शतकातले. म्हणजे चित्रकाराने त्यांना पाहिलेले नाही. तिरक्या उजेडात चेहऱ्यावर पेन्सिलीच्या चौकड्या दिसल्या: फोटोवर चौकडी आखून मोठे केलेले चित्र. चेहरा त्यामुळे विश्वासू आहे. पण शालीचा रंग, खुर्ची, मागचा खांब आणि पडदा कल्पनेतले. तोच खांब, तोच पडदा आणखी तीन चौकटींत आहे, त्याही त्याच हातच्या.

यादीत ‘मृत्यूनंतर, फोटोवरून’ असा शेरा घातला. एका सभासदाला तो नानांचा अपमान वाटला. बॉम्बे असोसिएशनच्या आणि रेल्वेच्या उभारणीत असलेल्या माणसाला या शेऱ्याने काही कमीपणा येत नाही, असे म्हटले. शेरा राहिला.

३१ जानेवारी

नावपट्ट्या छापून आल्या आणि सगळ्या परत गेल्या. छापखान्याने मजकूर दुसऱ्या फाँटात ओतला, त्यात जोडाक्षरे फुटली. ‘बॅरोनेट’चा बॅ निराळाच, ‘संभाव्य’चा व्य तुटलेला. पैसे निम्मे बुडाले, आठवडा गेला. मराठी मजकूर छापायला देताना अक्षरांच्या रूपरेषा करून, म्हणजे चित्र म्हणून, द्या. मजकूर म्हणून देऊ नका.

मजकुरावरून खरा वाद मात्र एकाच शब्दाचा झाला. जीजीभाई आणि ससून दोघांचीही मोठी कमाई चीनच्या व्यापारातली, आणि त्यात अफू होती. मी पट्टीवर ‘अफू आणि कापसाचे व्यापारी, दानशूर’ लिहिले. समितीने ‘व्यापारी, दानशूर’ केले. त्यांच्या दानावर उभी असलेली रुग्णालये आणि शाळा आजही चालू आहेत, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. माझे म्हणणे एवढेच, की पैसा कुठून आला ते लपवल्याने दान मोठे होत नाही. तडजोड: पट्टीवर व्यापारी, छापील यादीत अफू.

१४ फेब्रुवारी

परत टांगणी. तार पितळी, दुपदरी, आणि प्रत्येक चौकटीला दोन खिळे. पाठीला भिंतीपासून अंतर राहावे म्हणून खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले. पावसाळ्यात भिंत ओलावते आणि मागून हवा खेळली नाही की पुन्हा बुरशी. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचे ऊन येते, तिथले चार फोटो आत हलवले.

हिशेब: फिल्म आणि फिल्टर नऊ हजार, शिडी आणि मदतनीस अकरा, तार, बुचे आणि आम्लरहित पुठ्ठा सात, नावपट्ट्या दोनदा मिळून चौदा, दोन हार्ड डिस्क बारा, फुकट गेलेली वर्गणी दोन. उरलेले पाच यादीच्या छपाईला पुरणार नाहीत. समिती वर्गणी काढते आहे.

ओळख: २२ निश्चित, ७ संभाव्य, ५ अनोळखी. अनोळखी पाच चौकटी दाराजवळ, डोळ्यांच्या उंचीवर लावल्या आहेत, खाली चौकटीचा क्रमांक आणि ग्रंथपालांच्या टेबलावर एक वही. वहीत पहिल्याच आठवड्यात क्रमांक २६ साठी तीन वेगवेगळी नावे आली आहेत. एकाने आपल्या खापरपणजोबांचा फोटो आणून दाखवायचे कबूल केले आहे. पगडी जुळते, कान अजून पाहायचे आहेत.